अपुऱ्या दिवसांची लेक घरी आली, आता पुढं?

पत्र : "सिस्टर, माझं सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगड तालुक्यात. पहिलंच बाळंतपण. जूनमध्ये एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि बेळगावला दवाखान्यात मुलगी झाली, १४२० ग्रॅमची. पाच आठवडे नवजात विभागात होती. १८४० ग्रॅम झाल्यावर घरी सोडलं, त्याला आठवडा झाला. सासूबाई म्हणतात, न्हाऊ घालणारी बाई लावू, शेक-धुरी देऊ, मगच पोर अंग धरेल. त्या मायेनंच म्हणतात, पण मला भीती वाटते. बाळ दूध ओढता ओढता झोपतं. दूध पुरत नसेल तर गुटी आणि गाईचं दूध सुरू कर, असं जाऊबाई म्हणतात. रात्री मधेच तिचा श्वास थांबल्यासारखा वाटतो, मी दिवा लावून बसून राहते. शेजारच्या बाई म्हणाल्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. डोळ्यांची एक तपासणी दवाखान्यातच झाली, चांगली आली. आता दुसरीला बोलावलंय, पण पाऊस कोसळतोय आणि ती दिव्याकडे छान बघते, मग जायलाच हवं का? आशाताई म्हणतात, तुमचं नाव माहेरच्या यादीत आहे. गणपतीत बारसं करायचं ठरतंय. माझं काय चुकलं म्हणून ती एवढ्या लवकर आली?"

उत्तर :

पोरी, डोळ्यांच्या तपासणीला जायलाच हवं. पत्र मिळालं त्याच दिवशी हे तुला फोनवर सांगितलंय. इथं पुन्हा लिहिते ते तुझ्यासारख्या इतर आयांसाठी, कारण नवजात विभागात काम करताना मी पाहिलंय, घरी गेल्यावर सगळ्यात आधी सुटते ती हीच तारीख.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात दिवस भरत येईपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं की ही वाढ अर्धवट राहते आणि काही बाळांमध्ये त्या वाहिन्या भलत्याच दिशेनं फुटायला लागतात. मग पडदा ओढला जातो, जागेवरून सुटतो आणि नजर कायमची जाते. हे सगळं आतल्या आत चालतं. डोळा लाल होत नाही, चिपडं येत नाहीत, बाळ दिव्याकडे बघतंही. बाहुलीत पांढरं दिसायला लागेपर्यंत वेळ हातची गेलेली असते. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे पहिल्या महिन्याच्या आत तपासतात. पडदा पूर्ण तयार झाला, आता यायला नको, असं डॉक्टर स्वतः म्हणेपर्यंत पुढं एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा बघतात. पहिली तपासणी चांगली आली म्हणजे त्या दिवशीपुरतं चांगलं होतं. हा आजार बहुधा पुढच्या ह्याच आठवड्यांत डोकं वर काढतो, आणि लेसर किंवा इंजेक्शनची गरज निघाली तर ते दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. वेळेवर झालं की बहुतेक बाळांची नजर वाचते. आपल्या कर्नाटकात २००८ पासून बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाच्या 'किडरोप' उपक्रमाचे तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांच्या नवजात विभागांत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ ते दूर बसून बघतात. एवढी धडपड लोक करतात ती ह्या चार-दोन आठवड्यांच्या मुदतीसाठीच.

जाताना दुचाकी नको, बंद गाडी बघा. लेक तुझ्या छातीशी बांधलेली, टोपडं-मोजे घातलेली, वरून तुझी शाल. तोंड आणि नाक मात्र मोकळं. तपासणीच्या तासाभर आधी पाजून घे, अगदी लगेच आधी नको, उलटी होते. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होते, तपासताना ती दोन-तीन मिनिटं रडेल. ते रडणं बघवत नाही म्हणून काही बाप बाहेर जाऊन उभे राहतात. राहू देत. तू आत राहा आणि झालं की लगेच छातीशी घे. कानांची तपासणी झाल्याचं कागदावर दिसत नसेल तर त्याच खेपेला विचार. जी बाळं बरेच दिवस नवजात विभागात होती, त्यांचे कान यंत्रावर तपासायचे असतात. टाळी वाजवली की दचकते एवढ्यानं भागत नाही.

आता घरातलं. आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. तुझी लेक जन्मतारखेनं सहा-सात आठवड्यांची आहे, पण तिची खरी तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली. आज ती तुझ्या पोटातच असायची. तिला अजून जे हवंय ते पोटात मिळत होतं तेच : ऊब, तुझं दूध, शांतपणा आणि अंगाला कमीत कमी हात. घरातली सगळी माया त्या चार गोष्टींकडे वळवायची. तुझ्या सासूबाईंना अडवू नकोस, त्यांच्या हातातलं काम तेवढं बदलून दे.

त्यांना ऊब द्यायची आहे, शेक-धुरीमागचा हेतू तोच आहे, आणि तो बरोबर आहे. एवढ्या लहान बाळाच्या कातडीखाली चरबीच नसते, त्यामुळं ऊब टिकत नाही. अंग थंड पडलं की दुधातली सगळी ताकद अंग तापवण्यातच खर्ची पडते आणि वजन वाढत नाही. पण निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवली की विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो. ओवा-वावडिंगाच्या धुरीनं कच्च्या फुफ्फुसांना त्रास होतो. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, विडी-सिगारेट, सगळं त्यातच आलं. ह्या बाळाच्या खोलीत धूर कसलाच नको. डासांसाठी मच्छरदाणी लावा. घरात कुणी मिश्री लावत असलं तरी तुला स्वतःला ती पूर्ण बंद, तंबाखू दुधातून बाळाला जाते.

मग ऊब द्यायची कशी? अंगाला अंग लावून. दवाखान्यात तुला कांगारू पद्धत शिकवली असेलच. १९७८च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटाच्या इस्पितळात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२च्या मार्गदर्शनात सांगितलंय की अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे निदान आठ तास, आणि जमेल तेवढं त्याहून जास्त, असं ठेवावं. आपल्याच राज्यात कोप्पळ जिल्ह्यात दवाखान्यापासून थेट घरापर्यंत हे पोचवण्याचं मोठं काम झालंय. तेव्हा हे शहरातल्या मोठ्या इस्पितळापुरतं आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

बांधायचं असं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. तुझ्या ब्लाऊजची बटणं पुढून उघडी, मधे कापड नाही. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर, डोकं एका कुशीला वळवलेलं. हनुवटी छातीवर टेकता कामा नये, मान किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. जुन्या मऊ सुती साडीचा पट्टा करून बाळाच्या कानाखालच्या पातळीपासून खाली दोघींना मिळून गुंडाळायचं, पाठीमागं गाठ. गाठ अशी की तू उभी राहिलीस तरी बाळ घसरत नाही, पण त्याचं पोट श्वासागणिक हलायला जागा आहे. पाठीला उशा लावून अर्धवट रेलून बस. एकदा घेतलं की निदान तासभर काढायचं नाही, सारखं काढ-घाल केली तर बाळाचीच दमछाक होते.

आणि हे काम सासूबाईंना जमतं. तू जेवतेस, आंघोळीला जातेस, दुपारी दोन तास झोपतेस, तेवढा वेळ नात त्यांच्या छातीशी. हात-अंग स्वच्छ, खोकला-ताप नाही, एवढंच बघायचं. तुझ्या नवऱ्यालाही जमतं, छातीवर केस आहेत म्हणून काही अडत नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंनाच बेळगावला बरोबर ने आणि नवजात विभागातल्या सिस्टरला त्यांच्यासमोर पुन्हा एकदा दाखवायला सांग. सुनेनं सांगितलेलं आणि दवाखान्यात सांगितलेलं, ह्यात फरक पडतो. "आमच्या वेळंला कुठं होत्या मशिनी, शेकावरच पोरं वाढिवली की" असं म्हणणाऱ्या किती आज्या मी नातवंडाला छातीशी घेऊन तास-तास न हलता बसलेल्या बघितल्यात. त्यांना काम हवं असतं, उपदेश नको असतो.

बाळ पुरेसं उबदार आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. तुझ्या हाताची मागची बाजू आधी तिच्या पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही उबदार, ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार, म्हणजे तिला थंडी लागायला सुरुवात झाली, लगेच छातीशी घे. पोटही गार लागलं तर छातीशी घेऊनच दवाखान्याची वाट धरायची. हे दर पाजायच्या वेळी बघ. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. उलट, चार दुपट्यांत गुंडाळून घाम येईपर्यंत तापवणंही वाईटच.

तुमच्याकडच्या पावसात दोन अडचणी असतात. एक म्हणजे कपडे वाळत नाहीत. लंगोट-झबली चुलीवर धुरात वाळवू नका, घरात दोरीवर टाका आणि वापरायच्या आधी इस्त्री फिरवा. दुसरी म्हणजे वीज. कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांत पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही, म्हणून हीटरवर भरवसा ठेवून बाळ वाढवू नका. छातीच्या उबेला करंट लागत नाही.

न्हाऊ-माखू घालणं सध्या राहू दे. वजन अडीच किलोच्या घरात जाईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एकेक अवयव पुसून लगेच कोरडा करायचा, बाकीचं अंग झाकलेलं. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवायला बहुतेक डॉक्टर परवानगी देतात, पण विचारून. पायावर आडवं घालून रगडणं, डाळीच्या पिठानं चोळणं, पाय धरून उलटं करणं, छाती पिळणं, नाकात फुंकर, कानात-नाकात-बेंबीत तेल, डोळ्यांत काजळ, ह्यातलं काहीही करायचं नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना घरी बोलवाच, त्यांनी तुझं अंग चोळू दे. बाळंतिणीचं अंग दुखत असतंच आणि त्यांची मजुरीही बुडत नाही.

दुधाचं. बाळ ओढता ओढता झोपतं, ह्याचा अर्थ दूध नाही असा लगेच होत नाही. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकाच वेळी करायला ताकद लागते, ती तिच्यात अजून भरतेय. तिला भूक लागून रडायची वाट बघू नकोस. दर दोन तासांनी, रात्रीही, उठवून पाजायचं. दिवसभरात दहा-बारा वेळा होतं. उठत नसेल तर दुपटं काढ, लंगोट बदल, तळपायाला बोट फिरव. पंधरा-वीस मिनिटं ओढून दमली की उरलेलं दूध हातानं पिळून वाटीत काढ आणि बोंडल्यानं किंवा चमच्यानं पाज. बाटली नको. बोंडलं गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि थेंब थेंब सोडायचं, ती गिळली की पुढचा. घाईनं ओतलं तर ठसका लागतो. वाटी-बोंडलं दर वेळी धुऊन, दहा मिनिटं उकळून घ्यायचं. पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं उभं धरून ढेकर काढायची. पिळलेलं दूध झाकून बाहेर चार तास, फ्रीजमध्ये एक दिवस, त्यानंतर टाकून दे. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही.

पुरतंय का, हे शेजारणीला विचारायचं नाही. दिवसाला सहा-आठ वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमनं वाढत असेल तर पुरतंय. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून करायचं. अंगणवाडी किंवा उपकेंद्राचा काटा चालेल. रोज रोज वजन करून जीव टांगणीला लावू नकोस. आठवड्याला एकशे चाळीस ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर डॉक्टरांना दाखव.

गाईचं दूध वर्षाच्या आत नको, ते हिच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना झेपत नाही. गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, साधं पाणी, काहीही नको. सहाण कितीही धुतली तरी उगाळलेल्या मुळीतून जंतू जातात, आणि ह्या बाळाच्या आतड्यांना सूज आली तर ती जिवावर बेतते. मधातून होणारी विषबाधा तर मोठ्या बाळांनाही सोडत नाही. एक मात्र नीट वाच : काही बाळांना डॉक्टर आईच्या दुधात मिसळायची पुडी लिहून देतात. ती दुधाला बळ आणण्यासाठी असते, ती लिहिली असेल तर सांगितलेल्या मापानं द्यायचीच. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंबही असतील. लोहाचा साठा पोटात शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, तो हिला मिळालाच नाही. बाटली संपली की औषध संपलं असं समजून थांबवू नकोस. शी काळपट होते, घाबरू नकोस.

श्वासाचं तू लिहिलंस ते वाचून पोटात कालवलं. रात्र-रात्र दिवा लावून बसणाऱ्या आया मला माहीत आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भरभर चार-सहा श्वास, मग पाच-दहा सेकंद शांत, मग पुन्हा भरभर. रंग गुलाबी असेल आणि ती आपणहून पुन्हा श्वास घेत असेल तर हे तिच्या वयाला धरून आहे. पण श्वास वीस सेकंद थांबला, किंवा त्याआधीच ओठ-जीभ निळी-काळी पडली, अंग सैल पडलं, तर तळपायाला टिचकी मार, पाठीवरून हात फिरव आणि लगेच १०८ ला फोन. थांबून "बघू सकाळी" म्हणायचं नाही.

बाकीची धोक्याची चिन्हंही पाठ असू देत, नवऱ्याला आणि सासूबाईंनाही सांग. दोन वेळचं दूध लागोपाठ सोडलं. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजून श्वास साठ किंवा जास्त, पुन्हा मोजले तरी तेवढेच. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडतो, कण्हते. काखेत ३७.५ च्या वर किंवा छातीशी घेऊनही ३६.५ च्या खालीच. हालचाल मंदावली, झटके आले. तळहात-तळपाय पिवळे. पोट फुगलं, हिरवी उलटी, शीमधून रक्त. बेंबीला पू. ह्यातलं एक दिसलं तरी पुरे, दुसऱ्याची वाट बघायची नाही. फोनला रेंज नसते अशा गावात असाल तर रात्री कुणाची गाडी मिळेल हे आजच बोलून ठेवा. दवाखान्याचे कागद, दोन लंगोट, टोपडं आणि चार पैसे एका पिशवीत दाराजवळ ठेवा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, पैसे नाहीत म्हणून पाय मागं घेऊ नका.

झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, तुझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. साडीच्या झोळीत आत्ता नको. झोळीत अंग गोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहान श्वासनलिका दाबली जाते. राईची उशीही नको. आणि पाजता पाजता तुला डुलकी यायला लागली तर बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे. तू आणि सासूबाई रात्र वाटून घ्या : एकदा पाजून झालं की पुढच्या पाजण्यापर्यंत पाळी त्यांची, तू झोप.

कागदांचं थोडक्यात सांगते. सरहद्दीवरच्या घरांत हे नेहमीचंच आहे, नाव महाराष्ट्रात चंदगडला, बाळंतपण कर्नाटकात बेळगावला, बाळ खानापूरला. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, पत्ता कुठल्या राज्यातला हे आड येत नाही. तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाचं कार्ड) किंवा माहेरचं कार्ड, जे असेल ते घेऊन जा. सासरच्या आशाताईंना सांग की मी आता इथंच राहणार आहे, बाळ नवजात विभागातून आलंय, तेव्हा तुमच्या यादीत घ्या. अशा बाळांच्या घरी जादा भेटी द्यायच्या असतात. नाहीच ऐकलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेट. दवाखान्याचा कागद इंग्रजीत आणि कार्ड कन्नडात असेल तर लाजू नकोस, एकेक ओळ वाचून मराठीत सांगायला लाव आणि वहीत लिहून घे. लशी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, "अजून लहान आहे" म्हणून पुढं ढकलायच्या नाहीत. सहा आठवड्यांची लस आत्ता आलीच आहे, बीसीजी राहिली असेल तर तीही विचार. उलट बसणं, रांगणं, बोलणं मात्र ऑगस्टमधल्या त्या खऱ्या तारखेपासून मोजायचं. जावेच्या बाळाशी तुलना करायची नाही आणि करूही द्यायची नाही.

आठव्यातलं जगत नाही, हे साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळच देतो. एकतिसाव्या आठवड्यातलं बाळ अठ्ठाविसाव्यातल्यापेक्षा भक्कम असतं. शेजारणीला एवढं सांग आणि विषय संपव.

आणि तुझं काहीही चुकलं नाही. पपई खाल्ली, गाडीवर बसलीस, पायऱ्या चढलीस, ह्यानं कळा येत नाहीत. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यांतली ३० लाखांहून जास्त आपल्या देशात. कधी जंतुसंसर्ग असतो, कधी रक्तदाब, कधी गर्भाशयाचं तोंड लवकर उघडतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पुढच्या खेपेला, मधे दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवून, पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांग की पहिली अशी झाली होती. काहीजणींना त्या वेळी कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. पहिलटकरणींना ती दिली तर वेळेआधीची बाळंतपणं काही प्रमाणात कमी होतात, हे २०२० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि त्यात आपल्या बेळगाव भागातल्या बायकाही होत्या. पण ती गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनानं घेऊ नकोस.

बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, दिवसचे दिवस रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हा बाळंतपणानंतरचा आजार आहे आणि तो औषधानं, बोलण्यानं बरा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर एकटी राहू नकोस, त्याच वेळी नवऱ्याला सांग आणि दवाखान्यात चल.

राहिलं बारसं. गणपतीत मुंबई-पुण्याहून, गोव्याहून सगळे येणार, घर भरणार, आणि त्या दिवसांत सर्दी-खोकला घरोघर असतो. तेव्हा तुझी लेक जेमतेम पूर्ण दिवसांच्या बाळाएवढी असेल. मोठ्या माणसाची साधी सर्दी हिला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकते. घरच्या चार माणसांत नाव ठेवा, सासूबाईंनीच कानात सांगू दे. मोठा कार्यक्रम आणि बाळंतविडा दिवाळीनंतर, वजन आणि डॉक्टरांचा सल्ला बघून. गणपतीच्या दिवसांत लेक आतल्या खोलीत, तुझ्या नाहीतर आजीच्या छातीशी. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, कुणी पापा घ्यायचा नाही, ज्याला शिंक येतेय त्यानं उंबऱ्याबाहेरूनच बघायचं. आणि हे पाहुण्यांना सांगायची पाळी तुझ्यावर नको, नवऱ्यानं त्यांना निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवावं.